कार्बन की अ‍ॅल्युमिनियम: ठाण्याच्या रस्त्यांवर कोणता भाग कशाचा असावा

येऊरच्या पायथ्यापासून नवी मुंबईच्या पाम बीच रोडपर्यंत, रविवारी सकाळी सायकली थांबतात तिथे एक प्रश्न हमखास निघतो: कार्बनचे भाग टिकतात का, आणि त्यांवर जीव सोपवावा का? माझ्या सायकलीची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आणि फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा, कार्बनचा आहे. तिच्यावर हँडलबार आणि सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) हे दोन भाग मी दोन्ही प्रकारांत काही पावसाळे वापरले, आणि आज सायकलीची अवस्था अशी आहे की सीटपोस्ट कार्बनची राहिली, हँडलबार पुन्हा अ‍ॅल्युमिनियमचा आला, फोर्कला हात लावला नाही आणि कार्बनच्या रिमांच्या, म्हणजे चाकाच्या कड्यांच्या, वाटेला गेलो नाही. हा निर्णय एका बाजूचा झाला नाही, कारण प्रत्येक भागावर येणारा भार वेगळा असतो आणि तो भाग आतून बिघडला आहे हे आपल्याला कळण्याची शक्यताही वेगळी असते.

अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे, तर कार्बनचे तंतू इपॉक्सी राळेत बसवून केलेल्या पदार्थाची सुमारे १.६. कार्बनची ताकद तंतूंच्या दिशेत एकवटलेली असते. त्यामुळे कारागीर थर वेगवेगळ्या कोनांत रचतो आणि अपेक्षित भार ज्या दिशेने येणार, त्या दिशेला तंतू जास्त ठेवतो. अशा भागाला अपेक्षित दिशेचा भार वर्षानुवर्षे सोसतो, पण क्लॅम्पची (भाग आवळून धरणाऱ्या पट्टीची) धारदार कड, उडालेला दगड किंवा फुटपाथच्या कडेवर आपटणे असा एका बिंदूवरचा आघात त्याला मानवत नाही. थर आतल्या आत सुटतात आणि वरचे लॅकर (वार्निशचा थर) मात्र चकचकीत राहते. अ‍ॅल्युमिनियमची ताकद त्यामानाने सर्व दिशांना सारखी असते, आणि आघात झाला तर पोचा दिसतो. त्याची खोट दुसरीकडे आहे. पोलादावरचा भार एका मर्यादेच्या आत असला तर तो कितीही वेळा पडला तरी पोलाद थकत नाही, असे व्यवहारात धरता येते. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, त्यामुळे प्रत्येक खड्डा, प्रत्येक हिसका त्याच्या आयुष्यातून थोडे वजा करतो.

माझी सायकल नौपाड्यातल्या ज्या मेकॅनिककडे असते, त्यांचे सूत्र दोन वाक्यांचे आहे: ‘अलॉय वाकतं. कार्बन तुटतं.’ अलॉय म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. एकाच मोठ्या धडकेपुरते ते बरोबर आहे. थकून तुटणारा अ‍ॅल्युमिनियमचा हँडलबार मात्र आधी वाकून दाखवत नाही. स्टेमच्या (हँडलबारला फोर्कशी जोडणाऱ्या भागाच्या) किंवा ब्रेक लिव्हरच्या क्लॅम्पपाशी केसाएवढी चीर पडते, ती बारवर गुंडाळलेल्या टेपखाली वाढत राहते आणि एके दिवशी चढावर उभे राहून जोर लावताना बार हातात येतो. अ‍ॅल्युमिनियम नेहमी आगाऊ सूचना देते, हा समज म्हणूनच मला कार्बनच्या भीतीपेक्षा अधिक धोकादायक वाटतो.

सीटपोस्टबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. घोडबंदर रोडच्या सेवारस्त्यावर पेव्हर ब्लॉक, झाकणांचे उंचवटे आणि मेट्रोच्या कामाने उखडलेले पट्टे एकामागून एक येतात, तेव्हा कार्बनची लांब बाहेर असलेली सीटपोस्ट किंचित मागे लवते आणि कंबरेपर्यंत येणारी बारीक थरथर कमी होते. मोठा खड्डा अर्थातच तितकाच लागतो. विक्रेते सांगतात तेवढी जादू नाही, पण फरक खरा आहे. तिची सुरक्षितता जवळजवळ सगळी बसवण्यावर अवलंबून असते. माझ्या क्लॅम्पवर कमाल ५ न्यूटन-मीटर (स्क्रू पिळण्याच्या जोराचे माप) असे कोरलेले आहे. हा आकडा फार लहान आहे: २० सेंटिमीटर लांबीच्या अ‍ॅलन कीच्या टोकाला ५ किलो वजनाइतका जोर दिला की जवळपास १० न्यूटन-मीटर होतात, आणि इतका जोर कोणीही सहज देतो. ‘हाताच्या अंदाजाने’ आवळणाऱ्या दुकानात कार्बनचा भाग बसवून घेऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) दिसला नाही तर मागावा, आणि मागितल्यावर समोरचा हसला तर सायकल घेऊन निघावे. ग्रीसऐवजी बारीक कणांची कार्बन पेस्ट लावली की घर्षण वाढते आणि पोस्ट कमी जोरातही घसरत नाही.

खाडीकाठच्या हवेत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारे पाणी शिरले की विद्युत-रासायनिक गंज सुरू होतो, आणि त्यात झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी फुगते आणि सीटपोस्ट फ्रेमच्या नळीत अशी अडकते की ओढून निघत नाही. मी पावसाळ्याआधी आणि नंतर पोस्ट बाहेर काढतो, नळी आतून पुसतो आणि पोस्टवर क्लॅम्पची कड टेकते तिथे नाणे टकटक वाजवून पाहतो. निरोगी जागी टणक, कोरडा आवाज येतो. थर सुटलेल्या जागी तो बद्द होतो. ही पद्धत घरगुती आहे, तिने सगळे कळत नाही. शंका राहिली तर अल्ट्रासाउंडची तपासणी करून घ्यावी किंवा भाग बदलावा. माझ्या पोस्टवर क्लॅम्पचा फिकट गोल ठसा उमटला आहे, पण तो लॅकरपुरता आहे. नखाला कड लागत नाही आणि आवाजही बदललेला नाही.

हँडलबारचा हिशेब वेगळा निघाला. माझ्या दोन बारांच्या वजनात ऐंशी-एक ग्रॅमचा फरक होता, म्हणजे बाटलीतले चार घोट पाणी, आणि त्यासाठी किंमत तिपटीहून अधिक. थरथर कमी होते, पण चांगली जाड बार टेप तेच काम बरेचसे करते. तरीही किंमत हे मुख्य कारण नव्हते. शहरात सायकल भिंतीला टेकवली जाते, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिच्यावर स्कूटर कलंडते, लोकलच्या लगेज डब्यात ती इतर सामानाखाली दबते. यातला कुठला धक्का बारला लागला आणि कुठला लागला नाही, याची नोंद कोणी ठेवू शकत नाही, आणि टेपखाली झाकलेल्या कार्बनला तो लागला असेल तर वरून काही दिसत नाही. सीटपोस्ट तुटली तर दुखापत होईल, पण हातात दिशा राहील. हँडलबार उतारावर तुटला तर काहीच हातात राहत नाही. येऊरहून खाली येताना माझ्या मनात ही शंका येत असेल, तर ऐंशी ग्रॅमचा उपयोग काय?

अ‍ॅल्युमिनियमचा बार आला म्हणून निश्चिंती आली असेही नाही. घामाचे मीठ टेपमधून झिरपते. जुना अ‍ॅल्युमिनियमचा बार काढून टेप उलगडली, तेव्हा लिव्हरच्या पट्टीखाली धातूवर पांढरट पूड होती आणि ती पुसल्यावर टाचणीच्या टोकाएवढे खळगे दिसले. असा प्रत्येक खळगा म्हणजे थकव्याची चीर सुरू होण्याची तयार जागा. तो बार मी पुन्हा बसवला नाही. नवीन बारची टेप आता वर्षाला बदलतो, आणि टेप निघालेली असताना स्टेमच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवून पाहतो. जोरात पडल्यावर तर बार कशाचाही असो, बदललाच पाहिजे.

फोर्कबाबत माझे मत बहुतेकांना उलटे वाटते. कार्बनचा फोर्क नावाजलेल्या कंपनीचा, नवा आणि नीट बसवलेला असेल तर त्यावर माझा विश्वास आहे. फ्रान्समधल्या २००६ च्या पॅरिस–रूबे सायकल शर्यतीत जॉर्ज हिनकॅपी हा अमेरिकी स्वार दगडी रस्त्यावर अचानक कोसळला, त्याच्या खांद्याला मार लागला, आणि सायकल कार्बनची असल्यामुळे संशयही कार्बनवरच गेला. प्रत्यक्षात तुटली होती ती फोर्कची अ‍ॅल्युमिनियमची स्टिअरर, म्हणजे फोर्कपासून वर स्टेमपर्यंत जाणारी नळी. भीती बाळगायची तर ती सेकंड-हँड कार्बन फोर्कची बाळगावी. त्याचा पूर्वेतिहास विक्रेत्याच्या शब्दावर असतो, आणि स्टिअररवर स्टेम जिथे आवळले जाते ती जागा स्टेम काढल्याशिवाय दिसत नाही. विक्रेता स्टेम काढून दाखवायला तयार नसेल तर सौदा तिथेच थांबवावा.

क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या, बाबतीत कार्बनची चर्चा मला निरर्थक वाटते. अ‍ॅल्युमिनियमचा पुरेसा आहे. तो घेतानाही कसा बनवला आहे ते पाहावे. सायकलीचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये १ जुलै २०१९ पूर्वी बनलेल्या ड्युरा-एस आणि अल्टेग्रा मालिकांतल्या ११-स्पीड क्रँकची तपासणी जाहीर केली. त्यात एकट्या अमेरिकेत सुमारे ६ लाख ८० हजार क्रँक होते. अ‍ॅल्युमिनियमचे दोन भाग चिकटवून केलेला हा पोकळ क्रँक जोडावर सुटत होता. तो सुटल्याच्या ४,५०० हून अधिक घटना कंपनीपर्यंत आल्या होत्या आणि ६ जण जखमी झाले होते. आपल्याकडे जुन्या बाजारात असे क्रँक असलेल्या सायकली फिरतात, तेव्हा क्रँकच्या आतल्या बाजूचा क्रमांक पाहून घ्यावा.

राहिल्या रिम. डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्यावरची चकती पकडणारे) असतील तर कार्बन रिमवर ब्रेकची उष्णता येत नाही, हा मोठा दिलासा आहे. रिमच पकडणारे रिम ब्रेक असतील तर माळशेजसारख्या लांब उतारावर सतत ब्रेक धरल्याने राळ मऊ पडू शकते, आणि पावसात कार्बनच्या पृष्ठभागावर ब्रेक उशिरा लागतो. आपल्या चार महिन्यांच्या पावसात हे कारण पुरेसे आहे. अ‍ॅल्युमिनियमची रिम ब्रेकच्या घासण्याने झिजते, पण बहुतेक रिमांवर झिजेची खूण म्हणून खाच किंवा टिंब असते. ते दिसेनासे झाले की रिम बदलायची. खड्ड्यात जोरात आदळल्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या रिमेची कड वाकते, अनेकदा सायकल हळूहळू घरी तरी आणता येते आणि मेकॅनिक पाहून सांगू शकतो की चाक राहील की जाईल. कार्बनची रिम त्याच खड्ड्यात एकतर काही न होता सुटते किंवा तडकते, आणि तडकली तर पुढचा खर्च अ‍ॅल्युमिनियमच्या संपूर्ण जोडीहून जास्त असतो. त्या पैशांत मी हाताने बांधलेली, जास्त आऱ्यांची अ‍ॅल्युमिनियमची चाके घेतली आणि फ्रेममध्ये जागा होती म्हणून २५ ऐवजी २८ मिलिमीटर रुंदीचे टायर चढवले. हवा थोडी कमी ठेवता येते, आणि कापूरबावडीच्या खड्ड्यांचा मार आता रिमेआधी टायरच घेतो.