ऑफिसातून निवृत्त झालेला लॅपटॉप, लिनक्स आणि दहावीचं वर्ष: वापरानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असलेले इथूनच सुटतील. दहावीच्या पोराला किंवा पोरीला स्वस्तातला नवा लॅपटॉप देण्यापेक्षा एखाद्या कंपनीच्या ऑफिसातून बाहेर पडलेला जुना, दणकट लॅपटॉप घ्या आणि त्यात विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका. वेगाची चिंता करू नका. चिंता करायचीच तर मराठीची करा. मे महिन्यापासून माझं निम्मं डोकं तिथंच खर्च झालंय. त्यामुळे हा अनुभव थोडा एकांगी वाटला तर वाटू दे.

मशीन असं आहे: १४ इंची स्क्रीन, इंटेलचा सहाव्या पिढीतला आय-५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका दुकानातून साडेतेरा हजारांना घेतला. पप्पा उद्यमनगरात लेथवर काम करतात. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. लॅपटॉप उलटा करून सगळे स्क्रू जागेवर आहेत का बघितलं, बिजागरी चार वेळा उघडझाप केली आणि म्हणाले, "माल घट्ट आहे. घे."

एवढ्या स्वस्तात असे लॅपटॉप का मिळतात, याचं कारण साधं आहे. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट मशिनं नुसत्या एका यादीमुळे बाद झाली आणि ऑफिसांनी ती गठ्ठ्यानं काढली. लिनक्सला त्या यादीशी देणंघेणं नाही. मी लिनक्सचा मिंट २२ हा प्रकार टाकला. तो उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेला आहे आणि त्याला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. तोवर माझी बारावीही झालेली असेल.

मिंट पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवून बघता येतं. मी तो पेनड्राइव्ह घेऊनच दुकानात गेले होते. वायफाय, आवाज, कॅमेरा, सगळ्या कळा तिथंच तपासल्या. दुकानदार काका बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "काय घातलंस गं ह्यात? विंडोज कुठं गेलं माझं?" पेनड्राइव्ह काढून परत सुरू करून दाखवलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

रोजच्या वापराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण रोजचा वापर निमूट चालतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत, ती पटकन उघडतात. ब्राउझरमध्ये दहा-बारा पानं उघडी असली तरी मशीन कुरकुरत नाही. भूमितीच्या 'वर्तुळ' प्रकरणासाठी जिओजेब्रा हा आकृत्यांचा प्रोग्राम वापरला. अंतर्लिखित कोनाचा शिरोबिंदू माउसनं कंसावरून फिरवायचा आणि कोन तसूभरही बदलत नाही, हे डोळ्यांनी बघायचं. प्रमेय पाठ करायच्या आधी हे बघितलं असेल तर सिद्धता डोक्यात राहते. भिंगांच्या प्रकरणाला कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची सिम्युलेशन्स कामाला आली. त्यांतली बरीच मराठीतही आहेत. वस्तू नाभीच्या आत सरकवली की प्रतिमा उडी मारून पलीकडे जाते, ते वहीतल्या किरणाकृतीत कधीच 'दिसत' नाही.

आता मराठी. आमचं माध्यम मराठी, त्यामुळे प्रकल्प, निबंध, हस्तलिखिताचा मजकूर, सगळं देवनागरीत. मोबाइलवर मी इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी मिळवायचे. लॅपटॉपवरही तेच करायचा विचार होता आणि मिंटमध्ये उच्चारावर चालणारा मराठी लेआउट आहेसुद्धा. पण थोडे दिवस वापरून तो सोडला आणि इनस्क्रिप्ट शिकले. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे हात आळीपाळीनं चालतात. 'के'च्या कळेवर क, तीच शिफ्ट धरून दाबली की ख. 'आय'वर ग, शिफ्टसह घ. एकदा ही रचना कळली की निम्मा कीबोर्ड पाठ करावाच लागत नाही. 'दुसऱ्या'मधला तो चंद्रकोरीसारखा र मोबाइलवर मला कधी सरळ मिळाला नव्हता. इथं शिफ्ट धरून 'जे', मग 'डी'नं हलन्त, मग य. संपलं. हा सरकारी प्रमाण लेआउट असल्यानं शाळेतल्या विंडोजच्या संगणकावरही हात तसेच चालतात. पहिला महिना मात्र बोटं अक्षरशः रडतात, हे लपवत नाही. कळांवर देवनागरी छापलेली नव्हती. मी तक्ता छापून स्क्रीनच्या कडेला चिकटवला होता, तो गणपतीच्या सुमारास काढला.

खरा कस जलसुरक्षेच्या प्रकल्पात लागला. वर्गात बहुतेकांनी ठिबक सिंचन आणि छतावरचं पाणी साठवणं घेतलं. मी पंचगंगेवरचा राजाराम बंधारा घेतला. कोल्हापुरात पावसाळ्यात कसबा बावड्याच्या या बंधाऱ्याची पातळी लहान पोरालाही तोंडपाठ असते: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. माझ्या आत्याच्या घरात २०१९ लाही पाणी होतं आणि २०२१ लाही. जुलै लागला की ती सकाळी चहाच्या आधी "किती फूट झालंय?" विचारते. मी रोज पेपरातून आकडा टिपून ठेवायचे आणि त्याचा आलेख काढायचा, एवढंच ठरलं होतं.

पहिली गंमत फूट-इंचांची. माझी मैत्रीणही हाच विषय करत होती. तिनं '३८ फूट १० इंच' हे तक्त्यात ३८.१० असं भरलं. संगणकासाठी ते ३८.१, म्हणजे ३८.२ पेक्षा कमी. झालं, पाणी दोन इंचांवरून दहा इंचांवर चढलं की तिच्या आलेखात नदी खाली यायची. "काय कळंना बघ मला," ती म्हणाली, "ह्यात नदी उलटी वाहायल्या." इंचांना १२ नं भागून फुटांत मिळवायचं, हे मग आम्ही दोघींनी केलं. ३९ फूट ६ इंच म्हणजे ३९.५.

दुसरी गंमत आकड्यांची. मी आकडे देवनागरीत टिपले होते. तक्त्याच्या प्रोग्रामानं ते मजकूर समजून डाव्या बाजूला चिकटवले आणि बेरीज द्यायला नकार दिला. सगळे परत इंग्रजी आकड्यांत भरायचे या विचारानंच वैताग आला. म्हणून म्हटलं, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत प्रयत्न करून बघू. लिनक्समध्ये पायथन आधीपासून असतंच. त्याला '३९' हा देवनागरी आकडा दिला आणि त्यानं तो निमूट ३९ म्हणून घेतला, वेगळं काही न सांगता! युनिकोडमधल्या (म्हणजे जगभरच्या लिप्यांची अक्षरं संगणकात साठवायच्या प्रमाण पद्धतीतल्या) कुठल्याही लिपीचे दशमान अंक पायथनला पूर्णांक म्हणून वाचता येतात, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्यासाठी पूर्ण वर्षातला हा सगळ्यात भारी क्षण होता. नाद खुळा म्हणतात तो हाच. मग 'फूट' या शब्दावर ओळ तोडायची, दोन्ही तुकड्यांचे आकडे करायचे, एवढा छोटा प्रोग्राम लिहिला.

तिसरी मात्र गंमत नव्हती. आलेख आला, ३९ आणि ४३ वर दोन आडव्या रेषा मारल्या, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले त्या दिवसांवर खुणा केल्या, खाली महिन्यांची नावं टाकली. 'जुलै' नीट आला. 'ऑगस्ट'चा स्ट तुटून मधे पाय मोडलेला स दिसायला लागला. 'विसर्ग'मधली वेलांटी व च्या मागे गेली. वरात पुढे आणि नवरा मागे, तसं. शोधल्यावर कारण समजलं. युनिकोडमध्ये र्‍हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवतात, पण दाखवायची असते आधी. जोडाक्षरंही सुटी साठवतात आणि दाखवताना जोडायची असतात. ही जुळणी करणारा वेगळा भाग प्रोग्रामात असावा लागतो. आलेख काढायला मी पायथनची जी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरला त्यात तो नव्हता. इंग्रजीत लिहिलं असतं तर सुटले असते, पण पंचगंगेच्या आलेखावर इंग्रजी महिने? मन धजेना. शेवटी आलेख अक्षरांशिवाय एसव्हीजी या प्रकारच्या चित्र-फाइलमध्ये काढला आणि सगळी नावं इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्रामात मुक्ता फाँटनं बसवली. तिथं एकही वेलांटी हलली नाही. बाईंनी वही बघून पहिला प्रश्न विचारला तो, "आकडे कुठले गं?" पेपरांची नावं आणि तारखा लिहून ठेवल्या होत्या, म्हणून वाचले. जोडाक्षरांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. नीट दिसत असतील तर कोण कशाला काढेल म्हणा.

या सगळ्याची कीर्ती गल्लीत पोचली आणि तालीम मंडळानं गणपतीच्या जमाखर्चाचा अहवाल माझ्या गळ्यात टाकला. मागच्या वर्षीची फाइल मिळाली ती उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिखल. ती जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये होती. या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे फाँट नसेल तर मजकूर वाचताच येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत, तिथं हा प्रश्न येत नाही. मी अहवाल नव्यानं युनिकोडमध्ये लिहिला. छापखान्यातल्या दादांना मात्र त्यांच्या जुन्या फाँटमध्येच हवा होता. रूपांतर करून दिला, तर 'दुसऱ्या', 'पुजाऱ्यांचे', 'कार्यकर्त्यांच्या' यांची वाट लागली. मग फाँट आत घालून पीडीएफ दिली, ती त्यांनी आहे तशी छापली. तुमच्याकडे छपाईचं काम असेल तर पहिल्यापासून पीडीएफच द्या, वाद घालत बसू नका.

शाळेच्या सूचनांचंही तेच. कधीकधी जुन्या फाँटमधली फाइल येते आणि ती लिनक्सवर उघडली की तोच चिखल. ज्यांच्याकडे तो फाँट नाही त्यांच्या विंडोजवरही तसाच दिसतो, पण ऐकून घ्यावं लागतं मलाच: "तुझ्या त्या लिनक्समुळं झालं असणार."

उणिवा आहेत. बॅटरी "चार तास आरामात" असं सांगून दिली होती. ऐन पावसात लाइट गेली की दोन तासही निघत नाहीत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, यूपॉवर नावाच्या आज्ञेनं बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी दिसते. माझी निम्म्यावर आली आहे. घेताना दुकानातच हे बघावं. स्क्रीनचं रिझोल्यूशन १३६६ गुणिले ७६८ आहे आणि बाजूनं बघितलं की रंग उडालेले दिसतात. दोघींनी मिळून एकाच लॅपटॉपवर अभ्यास करायचा तर खांद्याला खांदा लावूनच बसावं लागतं. बोटाचा ठसा वाचणारा चौकोन लिनक्समध्ये चालत नाही. पंखा मे महिन्यात दुपारी वाजतो. शुद्धलेखन तपासणी मराठीत जवळपास निरुपयोगी आहे: विभक्ती लागलेल्या साध्या शब्दांखालीही लाल रेघा येतात, मी ती बंदच केली.

गेमसाठी घेत असाल तर घेऊ नका. ज्यांचं खेळातली फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर लिनक्सला ओळखत नाही, असे बरेच मोठे ऑनलाइन गेम इथं सुरूच होत नाहीत. दादानं एकदा तोंड वाकडं केलं ते केलंच. सुपरटक्सकार्ट हा शर्यतीचा गेम मात्र मस्त चालतो. लुआंती (आधीचं माइनटेस्ट) या ठोकळ्यांनी बांधकाम करायच्या गेममध्ये मी आणि मैत्रिणीनं मिळून पन्हाळ्याचा तीन दरवाजा बांधायला घेतलाय. पूर्वपरीक्षेपासून ते काम बंद आहे.

अकरावीला विज्ञान घेतलं तर पुस्तकं इंग्रजी होतील आणि मराठी टायपिंगची गरज कमी होईल, असं सर म्हणतात. होईल बहुतेक. पण तालमीचा अहवाल आणि आत्याचा आलेख पुढच्या पावसाळ्यातही लागणारच. दिवाळीनंतर तिनं तो आलेख स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलाय, ३९ च्या रेषेवर लाल पेनानं स्वतः गिरवून.

कुणी घ्यायला निघालं असेल तर एवढंच बघा. पेनड्राइव्ह सोबत न्या. रॅम वाढवता येते की बोर्डलाच जोडलेली आहे, विचारा. हार्डडिस्क असेल तर तेवढे पैसे कमी करून घ्या आणि एसएसडी बसवा, फरक सगळ्यात जास्त त्यानंच पडतो. चार्जर मूळ आहे का बघा. आणि सुरू होताना बायोसचा (म्हणजे विंडोज-लिनक्सच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) पासवर्ड मागत असेल, तर दुकानदार कितीही म्हणू दे "उद्या काढून देतो", त्या दिवशी पैसे देऊ नका. तो पासवर्ड जुन्या कंपनीनं टाकलेला असतो आणि बऱ्याचदा दुकानदारालाही माहीत नसतो.