वस्तीतला इंग्रजीचा वर्ग: पुस्तकावरून, फक्त इंग्रजीतून की कामाच्या प्रसंगांवरून?

समाजमंदिराची खोली मिळाली, वाचनालयाने फळा दिला, शिकवायला दोघं-तिघं तयार झाली, की पद्धत कोणती धरायची हा प्रश्न येतो. महाराष्ट्रातल्या शहरी वस्त्यांत आणि तालुक्याच्या गावांत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवताना साधारण तीन वाटा धरल्या जातात. पहिली पुस्तक आणि व्याकरणाची. दुसरीत शिक्षक वर्गात मराठीचा शब्दही काढत नाही. तिसरीत दवाखाना, बँक, मुलांची शाळा, कामाची जागा अशा प्रसंगांवर धडे बेतायचे आणि मराठीची मदत मोजून घ्यायची. तिन्ही वाटांनी लोक शिकतात, पण एकाला जी मानवते तीच दुसऱ्याला वर्गातून पळवून लावते. म्हणून निवड करताना शिक्षकाला काय सोपं जातं यापेक्षा समोर कोण बसणार आहे, ते आधी बघावं.

आधी दहा मिनिटं प्रत्येकाशी बोला

लेखी चाचणी घेऊ नका. पहिल्याच दिवशी पेपर दिसला की बरेच जण पुन्हा येत नाहीत. गप्पा मारत चार गोष्टी काढून घ्या: मराठी वाचता येतं का, शाळेत इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून होतं, इंग्रजी नेमकं कुठे अडतं, आणि कोणत्या दिवशी यायला जमणारच नाही. मराठी वर्तमानपत्रातली एक ओळ वाचायला द्या, मग बँकेचा एखादा मेसेज दाखवा. शेवटी नाव आणि राहण्याचं ठिकाण इंग्रजीत विचारा.

शाळेचं वर्ष विचारण्याला कारण आहे. राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं ते २००० साली. त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. त्यामुळे चौथीत शाळा सुटलेल्या, आज पन्नाशीला आलेल्या बाईने इंग्रजी अक्षर कधी गिरवलेलंच नसतं. तिच्याच शेजारी नववीपर्यंत शिकलेली बाई बसलेली असते. तिला पाटी वाचता येते, पण एक वाक्य बोलायचं म्हटलं की घशात अडकतं. या दोघींना एकच धडा पुरत नाही.

ज्यांना मराठीही वाचता येत नाही, त्यांना इंग्रजी अक्षरांपाशी लगेच नेऊ नका. कागदावरची खूण म्हणजे आवाज, ही समज माणसाला एकदाच यावी लागते, आणि ती बोलीत असलेल्या भाषेत सर्वांत लवकर येते. त्यांचं इंग्रजी काही महिने तोंडीच ठेवा आणि मराठी वाचन सोबत चालू करा.

वेळेचा हिशेबही आधीच मांडा. युरोपात ठरवलेल्या भाषेच्या सहा पायऱ्यांपैकी दुसरी, म्हणजे ए२, गाठायला साधारण १८० ते २०० तासांचं शिक्षण लागतं, असा केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा अंदाज आहे. आठवड्यातून तीनदा सव्वा तास बसलात तर १८० तासांना ४८ आठवडे लागतात, तेही एक दिवस न चुकवता. ‘तीस दिवसांत इंग्रजी’ असा बोर्ड लावू नका. एकतिसाव्या दिवशी लोकांना वाटतं की दोष आपल्या डोक्यात आहे.

पुस्तक आणि व्याकरण

दहावीचा १७ नंबरचा फॉर्म भरणाऱ्यांसाठी, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठी, ही वाट योग्य आहे. त्यांना पेपर लिहायचा असतो, उतारा वाचून उत्तरं द्यायची असतात, आणि मंडळाचं पुस्तक हाच त्यांचा अभ्यासक्रम असतो. अशा माणसाला दवाखान्यातले संवाद शिकवत बसलात तर त्याचं वर्ष वाया जाईल. शिकवणाऱ्यालाही ही वाट सोपी पडते. पान ठरलेलं असतं आणि बदली शिक्षक आला तरी काम अडत नाही.

बोलण्यासाठी आलेल्यांना मात्र ती कमी पडते. ‘डू’ आणि ‘डझ’चा नियम पाठ म्हणणारा माणूस दुकानात ‘यू हॅव धिस मेडिसिन?’ असंच विचारतो. मराठीत ‘तुमच्याकडे हे औषध आहे का?’ म्हणताना वाक्य तसंच राहतं, शेवटी ‘का’ लागतो. इंग्रजीत सुरुवातीलाच एक जास्तीचा शब्द आणावा लागतो, आणि ही सवय जिभेला पन्नास वेळा वळण दिल्याशिवाय लागत नाही. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करायला लावलं की अडचण वाढते. ‘मला दोन मुलं आहेत’चं ‘टू मी टू चिल्ड्रन आर’ होतं. त्यात शिकणाऱ्याची चूक नाही, त्याने मराठी वाक्य प्रामाणिकपणे उचलून ठेवलेलं असतं. ‘आय हॅव टू चिल्ड्रन’ हे अख्खं वाक्य एका घासात द्यावं, सुटे शब्द देऊ नयेत.

पुस्तकाने जायचं ठरलं तरी बारा काळांचा तक्ता भिंतीला लावू नका. रोजची गोष्ट, आत्ता चालू असलेली गोष्ट, झालेली गोष्ट आणि पुढे करणार ती गोष्ट, एवढी चार रूपं पहिल्या वर्षाला पुरतात. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’साठी वेगळे धडे खर्च करू नका. मराठीत तसं काही नसल्यामुळे ते फार उशिरा बसतं, आणि चुकलं तरी समोरच्याला अर्थ कळतो.

वर्गात फक्त इंग्रजी

दहावी-बारावी झालेली, वाचता येणारी, पण मुलाखतीत गप्प होणारी तरुण मुलं असतील तर ही वाट त्यांना लवकर पुढे नेते. शब्द त्यांच्यापाशी असतात, पण ते बाहेर यायला मराठीचा आडोसा काढावा लागतो. अगदी नवख्यांनाही यातला एक भाग लागू पडतो: शिक्षकाने आज्ञा द्यायची आणि सगळ्यांनी ती करून दाखवायची. ‘स्टँड अप, ओपन द डोअर, गिव्ह मी द पेन.’ अमेरिकेत जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात ही रीत मांडली. तिचा मोठा गुण असा की पहिले काही दिवस कुणाला तोंड उघडावं लागत नाही, म्हणून लाजही वाटत नाही.

मिश्र वस्तीत मात्र ही वाट महाग पडते. शिक्षक पेन हातात घेऊन ‘राइट’, म्हणजे ‘लिहा’, म्हणतो आणि निम्म्या जणांना वाटतं की पेनाला ‘राइट’ म्हणतात. ‘समटाइम्स’चा अर्थ हावभावांनी सांगण्यात दहा मिनिटं जातात, ‘कधीकधी’ म्हणायला एक क्षण लागतो. शिवाय शिकवणाऱ्याचं स्वतःचं इंग्रजी अस्खलित हवं, आणि हौसेने शिकवायला येणाऱ्या शेजाऱ्यांत तसं माणूस दर वेळी मिळत नाही. सर्वांत जास्त नुकसान मानाचं होतं. घर चालवणारी, बचत गटाचा हिशेब ठेवणारी बाई तीन शब्दांपुरती अडकून बसते, आणि हे तिला दिसत असतं.

प्रसंगांवरचे धडे, मराठीची मोजकी मदत

मिश्र वर्ग असेल तर आमचं मत स्पष्टपणे या वाटेला आहे. वेल्समध्ये सी. जे. डॉडसन यांनी १९६७ साली मांडलेली द्विभाषिक पद्धत तिच्या जवळची आहे: अर्थ मातृभाषेत एकदाच, झटकन सांगायचा आणि उरलेला सगळा वेळ नव्या भाषेच्या सरावाला द्यायचा.

औषधाच्या दुकानाचा धडा घ्या. सव्वा तासातली पहिली दहा मिनिटं मागची वाक्यं घोळवा. मग रिकामी औषधाची पाकिटं सगळ्यांच्या हातात द्या आणि दहा मिनिटांत आठ शब्द द्या, जास्त नको: टॅब्लेट, सिरप, बिफोर फूड, आफ्टर फूड, ट्वाइस, डेली, फीवर, कफ. यातले काही त्यांना आधीच माहीत असतात, ते त्यांच्याकडूनच काढून घ्या. ‘कफ’पाशी थांबा. मराठीत कफ म्हणजे छातीत साठलेला, इंग्रजीत तो खोकला, आणि डॉक्टरपुढे हा गोंधळ महागात पडू शकतो.

पुढची वीस मिनिटं तीन वाक्यांची: ‘आय हॅव अ फीवर’, ‘हाउ मेनी टाइम्स अ डे?’, ‘बिफोर फूड ऑर आफ्टर फूड?’ आधी सगळ्यांनी मिळून, मग रांगेने, मग एकेकाने म्हणायची. त्यानंतर वीस मिनिटं जोड्या. एकाच्या चिठ्ठीवर औषध आणि मात्रा लिहिलेली, दुसऱ्याची चिठ्ठी रिकामी. विचारल्याशिवाय ती भरता येत नाही. त्यापुढे दहा मिनिटं पाकिटावरचं वाचन आणि दोन ओळी लेखन, आणि शेवटची पाच मिनिटं वहीत आजचं एक वाक्य.

ही वाट बिघडते ती तीन ठिकाणी. एक, संवाद पाठ होतो आणि तेवढाच राहतो. दुकानदाराने ‘ट्वाइस’ऐवजी ‘मॉर्निंग अँड नाइट’ म्हटलं की माणूस थिजतो. म्हणून तिसऱ्या फेरीत उत्तर मुद्दाम बदला. दोन, शिक्षक प्रत्येक इंग्रजी वाक्यामागे मराठी वाक्य बोलतो. मग लोक इंग्रजी ऐकायचं सोडून मराठीची वाट बघतात. अर्थ एकदा सांगितला की पुन्हा सांगू नका, पाकीट दाखवा. तीन, वाचन मागे पडतं, कारण बोलण्यात सगळ्यांना गोडी लागते.

वाचनासाठी चार रेघी वही आणि प्रत्येकाचं स्वतःचं नाव, इथून सुरुवात करा. फॉर्म मोठ्या अक्षरांत भरावा लागतो, म्हणून मोठी अक्षरं आधी. देवनागरीत लहान-मोठं अक्षर हा प्रकार नाही, त्यामुळे एकाच अक्षराचे दोन आकार लोकांना खटकतात. सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड यांचे दोन्ही आकार सारखेच आहेत हे दाखवलं की धीर येतो. लहान बी आणि डीचा घोळ महिनोन् महिने राहतो, त्यावर रागावू नका. फळ्यावर इंग्रजी शब्दाखाली देवनागरी लिहायची की नाही, यावर शिकवणाऱ्यांत मतभेद आहेत. आमच्या मते पहिले चार आठवडे, फक्त नव्या शब्दाला आणि पेन्सिलीने. पुढे ती खोडायला लावा, नाहीतर डोळे देवनागरीवरून हलत नाहीत.

आकड्यांना वेगळा वेळ द्या. मराठीत ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी येतो, इंग्रजीत चाळीस आधी. ऐकून लिहिताना ४७चे ७४ होतात, आणि ‘फिफ्टीन’-‘फिफ्टी’ तर भल्याभल्यांना चकवतात. रोज पाच आकडे ऐकून लिहायला सांगा: भाडं, मोबाइल नंबर, बसचा नंबर.

उच्चारांत जिथे अर्थ बदलतो तेवढंच सुधारा. काही जणांच्या तोंडी ‘सी’चं ‘शी’ होतं, त्यामुळे पाहणं आणि ‘ती’ यांची गल्लत होते. ‘शिप’ आणि ‘शीप’मधला ऱ्हस्व-दीर्घ फरक मराठी कानाला पटकन जाणवत नाही, कारण आपण तो लिहितो पण बोलताना फारसा पाळत नाही. इंग्रजी झेडचा आवाज मात्र आपल्याकडे जवळपास तयार आहे: ‘जरा’ आणि ‘जहाज’मधला ज म्हणायला लावा. व्ही आणि डब्ल्यूतल्या फरकावर वेळ घालवू नका.

गैरहजेरीत कोणती वाट टिकते

प्रौढांच्या वर्गात गैरहजेरी गृहीत धरावीच लागते. पाणी येण्याची वेळ, रात्रपाळी, गणपती, लग्नसराई, गावाकडची पेरणी. ऊसतोडीला जाणाऱ्या वस्तीत दसरा-दिवाळीनंतर अर्धा वर्ग कारखान्यांकडे गेलेला असतो, तिथे वर्ग पावसाळ्यात ठेवावा. पुस्तकाची साखळी गैरहजेरीत तुटते. दोन धडे चुकलेला माणूस तिसऱ्याला यायला संकोचतो. प्रसंगाचा धडा त्या दिवसापुरता पूर्ण असतो, म्हणून मध्ये खंड पडला तरी परत येता येतं. बायकांसाठी दुपारी दोन ते चार आणि कामगारांसाठी रात्री साडेआठनंतरची वेळ बहुतेक ठिकाणी जमते. लहान मुलं सोबत येणारच. कोपऱ्यात सतरंजी आणि चित्रांचे कागद ठेवा, नाहीतर आई येणं बंद करते.

मोबाइलला चौथी पद्धत मानू नका, तो गृहपाठाला चांगला. व्हॉट्सॲपवर अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवा, आणि उत्तरही आवाजातच मागा. फोन घरात नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो का, हे आधी विचारा. तसं असेल तर कागदाची चिठ्ठी बरी.

म्हणजे १७ नंबरचा फॉर्म भरणारे पाच-सहा जण असतील तर त्यांचा वेगळा गट करून पुस्तक धरा. शिकलेली तरुण मुलं असतील तर त्यांना आठवड्यातला एक दिवस फक्त इंग्रजीचा द्या. बाकी सगळ्यांना प्रसंगांचे धडे. एका शिक्षकामागे बारा ते पंधरा जण ठीक, त्याहून जास्त झाले की जोड्यांच्या सरावात कोण काय बोलतंय ते ऐकू येत नाही.

बारा आठवड्यांनी वर्गाबाहेरच्या, कुणाच्या ओळखीच्या नसलेल्या माणसाला बोलवा. त्याने प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत, एक औषधाचं पाकीट वाचायला द्यावं आणि एक मोबाइल नंबर सांगून लिहून घ्यावा. शिक्षकाने तेव्हा खोलीत थांबू नये. वाचन जमतंय पण उत्तर येत नसेल तर जोड्यांची वेळ वीसवरून तीस मिनिटं करा. बोलणं येतंय पण पाकीट वाचता येत नसेल तर आठवड्यातला एक दिवस अक्षरांना द्या. आणि निम्मे लोक येईनासे झाले असतील तर त्यांच्या घरी जाऊन वर्गाची वेळ बरोबर आहे का, हे आधी विचारा.