पाणी, भाकर आणि दाखला : कॅथलिक, सीएनआय की मुक्तिफौज?

नगरकडच्या ख्रिस्ती घरात स्थळ बघायला माणसं आली की पहिल्या चहालाच प्रश्न येतो, "तुमची मंडळी कुठली?" मंडळ्या बऱ्याच आहेत, पण उत्तर बहुतेकदा तीनपैकी एक असतं : कॅथलिक, सीएनआय किंवा मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी. दोन्हीकडचं उत्तर सारखं निघालं तर विषय तिथेच संपतो. वेगळं निघालं तर कुणीतरी वडीलधारं माणूस म्हणतं, "अहो, येशू तर एकच आहे ना," आणि बोलणी पुढे सरकतात.

येशू एकच आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य तिघीही मानतात. येशू आपल्या पापांसाठी वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, यावरच तिघींचा विश्वास उभा आहे. तरीही माझ्या आईला लग्नाच्या आठवडाभर आधी, तेविसाव्या वर्षी, घाईघाईने बाप्तिस्मा, म्हणजे मंडळीत सामील होण्याचा पाण्याचा संस्कार, घ्यावा लागला. तिचं माहेर मुक्तिफौजेतलं आणि तिथे बाप्तिस्माच नसतो. सासर सीएनआयचं, तिथे बाप्तिस्म्याशिवाय प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, नाही. तारीख ठरली, पत्रिका वाटून झाल्या, मग कुणाच्या तरी लक्षात आलं. "पाण्याला माझी ना नव्हती गं," ती अजून म्हणते, "पण मला कुणी विचारलंच नाही." ज्यांची बोलणी आत्ता चालू आहेत किंवा जे नोकरीसाठी पुण्या-मुंबईला येऊन नवी मंडळी शोधत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कोण कुठून आलं

कॅथलिक चर्च तिघींत सर्वांत जुनं, पण नगरमध्ये ते पहिलं आलेलं नाही. वसईत पोर्तुगीज १५३४ साली आले आणि तिथल्या कॅथलिकांची परंपरा त्या काळापासूनची. नगरच्या कॅथलिकांचा इतिहास निराळा, बोली निराळी, आडनावंही निराळी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर राहुरी-संगमनेर भागातल्या खेड्यांत आले, तिथून या मंडळ्या वाढल्या. आज हा भाग १९८७ साली वेगळ्या झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतो. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला एकदा जाऊन बघा. नवस फेडायला आलेल्या गर्दीत कॅथलिक नसलेली, ख्रिस्तीही नसलेली माणसं शेजारी उभी असतात.

सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, वयाने सर्वांत लहान. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन ते झालं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. ही बोलणी १९२९ पासून चालली होती. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले, म्हणून आजही 'मेथडिस्ट' ही वेगळी मंडळी आहे. नाव १९७० चं असलं तरी नगरमधलं मूळ त्याहून कितीतरी जुनं. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं. नगरमध्ये हे मिशन १८३१ साली आलं. मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा इथेच होत्या, ज्या पाहून जोतिराव फुले पुण्याला परतले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली इथूनच निघालं. नगरच्या सीएनआय मंडळ्यांमध्ये शाळा, छापखाना, कॉलेज यांचा जो अभिमान ऐकू येतो, तो या वारशातून आलेला आहे.

मुक्तिफौजेची गोष्ट मला सर्वांत जास्त भावते, आणि ती आईचं माहेर आहे एवढ्यासाठीच नाही. विल्यम आणि कॅथरीन बूथ यांनी १८६५ साली लंडनच्या पूर्व भागातल्या दारू आणि दारिद्र्यात बुडालेल्या वस्तीत काम सुरू केलं. चर्चच्या बाकावर ज्यांना कुणी बसू देत नव्हतं त्यांच्यासाठी. १८७८ साली त्याला फौजेचं नाव मिळालं, मग झेंडा, गणवेश, बँड आणि हुद्देही आले. १९ सप्टेंबर १८८२ रोजी चार जणांची पहिली तुकडी मुंबईला आली. प्रमुख होते फ्रेडरिक टकर. सरकारी सनदी नोकरी सोडून आलेल्या या माणसाने भगवे कपडे घातले, फकीरसिंग नाव घेतलं आणि अनवाणी फिरून लोक देतील ते अन्न खाल्लं. रस्त्यावर मिरवणूक काढली म्हणून मुंबई पोलिसांनी या लोकांना अटकही केली. त्या काळच्या गोऱ्या समाजाला हे सगळं लाजिरवाणं वाटत होतं. गावकुसाबाहेरच्या माणसाला मात्र आपल्या अंगणात मांडी घालून बसणारा गोरा माणूस पहिल्यांदाच दिसला.

पाण्यापाशी वाटा फुटतात

कॅथलिक घरात बाळाचा स्नानसंस्कार, म्हणजेच बाप्तिस्मा, शक्य तितक्या लवकर होतो. सात संस्कारांतला हा पहिला. आयुष्यात एकदाच. मोठेपणी दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास पक्का करण्याचा विधी, होतं, पण मूल चर्चचं होतं ते या पाण्यानेच.

सीएनआयमध्ये दोन वाटा शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत, आणि हे जाणीवपूर्वक केलेलं आहे. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन लोक बाळांना बाप्तिस्मा देत, बॅप्टिस्ट आणि ब्रदरन म्हणत की माणसाने स्वतः विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा घ्यावा. एकत्र येताना कुणी कुणाला हरवलं नाही. आईबापांनी ठरवायचं : बाळाला बाप्तिस्मा देऊन पुढे दृढीकरण, किंवा आता फक्त समर्पण, म्हणजे बाळाला देवाच्या हाती सोपवण्याची प्रार्थना, आणि जाणत्या वयात बाप्तिस्मा. प्रत्यक्षात नगरकडच्या बहुतेक मंडळ्यांत बाळांचाच बाप्तिस्मा होतो आणि दुसरी वाट आहे हे कित्येक तरुण आईबापांना ठाऊकही नसतं. पाळकसाहेबांना सरळ विचारा.

मुक्तिफौज पाणीच वापरत नाही. बाळाचं समर्पण झेंड्याखाली होतं. मोठं झाल्यावर 'सैनिक' होताना एका प्रतिज्ञापत्रावर सही करायची असते : दारू नाही, तंबाखू नाही, जुगार नाही. १८८३ च्या सुमारास बूथ यांनी संस्कार बंद केले ते लोक विधीवर विसंबतात आणि जीवन तसंच राहतं, या चिंतेने. दारू सोडलेल्या माणसाच्या ओठांना प्रभुभोजनाचा द्राक्षारस लावायचा का, हाही प्रश्न होता. संस्कार देण्याचा अधिकार कुणाचा, त्यात स्त्रिया असाव्यात का, हे वाद तेव्हा पेटलेले होते, त्यातूनही त्यांना बाहेर राहायचं होतं. मात्र सैनिकाने दुसरीकडे जाऊन बाप्तिस्मा घेतला किंवा प्रभुभोजनात भाग घेतला तर फौज त्याला अडवत नाही. आईच्या लग्नाच्या वेळी ही एवढी गोष्ट कुणी आजोबांना शांतपणे सांगितली असती, तर घरात रडारड झाली नसती.

इथे नारायण वामन टिळकांची आठवण येते. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला, नगरमध्ये आयुष्य घालवलेला हा कवी १९१७ साली मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' उभा करायला निघाला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले येशूचे शिष्य एकत्र बसावेत असं त्यांच्या मनात होतं. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. पण हा प्रश्न मराठी ख्रिस्ती मनाला शंभर वर्षांपूर्वीही टोचत होता.

भाकर

कॅथलिक विश्वासात मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, हा सगळ्याचा केंद्रबिंदू. भाकर आणि द्राक्षारस खरोखरच ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यामुळे कॅथलिक नसलेल्याला तिथे सहसा कम्युनियन, म्हणजे ती भाकर, मिळत नाही. सीएनआयच्या घरातून आलेल्या सुनेला हे पहिल्या रविवारी कळलं तर अपमान वाटतो. आधी कळलं तर त्यामागची श्रद्धा समजते. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये असे, आता ती मराठीत होते आणि खेड्यातल्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर भजनंही चालतात.

सीएनआयमध्ये प्रभुभोजन आहे, पण दर रविवारी असेलच असं नाही, मंडळीनुसार बदलतं. दुसऱ्या मंडळीत प्रभुभोजन घेणाऱ्या माणसाला सहसा अडवत नाहीत. उपदेश आणि शास्त्रवाचन यांना जास्त वेळ जातो.

मुक्तिफौजेत प्रभुभोजन नाही. त्या जागी समोर एक बाक असतो. पश्चात्ताप झालेला, प्रार्थना हवी असलेला माणूस उठून तिथे गुडघे टेकतो. लहानपणी मामाच्या गावी मी एका म्हाताऱ्या बाबांना ढोलकीच्या तालावर गाणं चालू असताना तिथे जाऊन रडताना पाहिलं. तो बाक त्यांच्यासाठी काय होता, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

निर्णय कोण घेतं, आणि बायकांना कुठपर्यंत जागा

कॅथलिक चर्चमध्ये पोप, बिशप, फादर अशी उतरंड आहे. फादर अविवाहित असतात आणि स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा नाही. सिस्टर शाळा-दवाखाने चालवतात, पण वेदीवर मिस्सा अर्पण करत नाहीत.

सीएनआयमध्ये बिशप आहेत, पण त्यांच्यासोबत निवडून आलेल्या समित्या आहेत, मंडळीपासून सिनड या सर्वोच्च सभेपर्यंत. पाळक लग्न करतात आणि स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. निवडणुका आल्या की गट आले, हेही खरं. मिशनऱ्यांनी मागे ठेवलेल्या जमिनी आणि इमारतींवरून कित्येक ठिकाणी खटले चालले. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ही माझी स्वतःची मंडळी, म्हणून हे लिहिताना जास्त दुखतं. नवीन ठिकाणी नाव नोंदवण्याआधी तिथल्या कमिटीच्या बैठका शांतपणे होतात का, हे जरूर विचारा.

मुक्तिफौजेत हुकूम वरून येतो. कॅप्टन, मेजर यांची बदली होते आणि सर्वांत वर लंडनमध्ये जनरल. समितीत मत मांडायची सवय असलेल्या माणसाला हे जड जातं. पण स्त्रियांच्या बाबतीत ही फौज सुरुवातीपासून पुढे. १९३४ साली विल्यम यांची मुलगी इव्हँजेलिन बूथ जनरल झाली. नगरच्या ज्या बूथ हॉस्पिटलात कोरोनाच्या वर्षात शेकडो घरांतली माणसं दाखल झाली, ते तिच्याच नावाचं.

एका गोष्टीत मात्र मंडळी बदलून काहीच बदलत नाही. नगरकडच्या तिन्ही मंडळ्यांतली बहुसंख्य कुटुंबं महार-मांग समाजातून आलेली, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा नाही. कॅथलिक असोत की प्रोटेस्टंट, दर १० ऑगस्टला यासाठी काळा दिवस पाळतात.

लग्न असेल तर हे आधी बघा

कॅथलिक चर्चमध्ये लग्न लावायचं आणि जोडीदार सीएनआयचा असेल, तर मिश्रविवाहाची परवानगी लागते. पाणी आणि त्रैक्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं, त्यामुळे पुन्हा बाप्तिस्मा होत नाही. जोडीदार मुक्तिफौजेतला असेल आणि त्याने कुठेच बाप्तिस्मा घेतलेला नसेल, तर चर्चच्या कायद्यानुसार तो बाप्तिस्मा नसलेल्या व्यक्तीशी विवाह ठरतो. त्याला वेगळी सूट लागते, नुसती परवानगी पुरत नाही. दोन्ही प्रसंगी मुलं कॅथलिक म्हणून वाढवायला आपल्याकडून होईल तितकं करीन, असं वचन कॅथलिक व्यक्तीने द्यायचं असतं, आणि ते वचन दुसऱ्याला माहीत असावं लागतं. त्या वचनाबद्दल आधी दोघांनी बोला, मग फादरांकडे जा.

मुलगी मुक्तिफौजेतली आणि मुलगा सीएनआयचा असेल तर, म्हणजे आमच्याच घरासारखं, तर प्रश्न बाप्तिस्म्याचा. तिला हवा असेल तर तिच्या वेळेने, तयारीच्या वर्गाला बसून, तिच्या माहेरच्यांना पुढच्या बाकावर बसवून घ्यावा. नको असेल तर ती सासरच्या चर्चला येऊनही फौजेची सैनिक राहू शकते. प्रभुभोजनाच्या वेळी ती जागेवर बसून राहिली तर मागच्या बाकावरच्या काकूंनी मान वळवून बघू नये, एवढं सासूबाईंनी सांभाळावं.

माझं मत विचाराल तर, दोन्ही घरं वेगवेगळ्या प्रोटेस्टंट परंपरांतली असतील आणि बाळाच्या बाप्तिस्म्यावरून एकमत नसेल, तर सीएनआयमध्ये सर्वांत जास्त जागा आहे. दोघांपैकी एकाचा जीव मिस्सेत आणि मतमाउलीत अडकला असेल तर त्याला तिथून ओढून काढू नका, ती जागा दुसऱ्या कशाने भरत नाही. आणि घरात दारूने कुणाला गिळलं असेल, तर मुक्तिफौजेच्या त्या प्रतिज्ञापत्राची किंमत मी दुसऱ्या कशाशी तोलणार नाही.

दाखले मात्र आत्ताच गोळा करा. कॅथलिक आणि सीएनआयकडून बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे, मुक्तिफौजेकडून समर्पणाची आणि सैनिक झाल्याची नोंद. गावच्या जुन्या वह्यांत नाव एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, असं हमखास निघतं, आणि ते दुरुस्त व्हायला लग्नाच्या तारखेआधी तीन-चार महिने हाताशी हवेत.