उसण, गुंगी आणि ४५० चा हिशेब: स्नायू सैल करणाऱ्या गोळीचा सात महिन्यांचा अनुभव

सात महिन्यांपूर्वी भरलेली बॅग उचलताना कमरेत उसण भरली आणि मी जी वाकले ती वाकलेलीच राहिले. डॉक्टरांनी तपासून जी गोळी दिली तिच्यात ऑर्फेनाड्रिन ३५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ४५० मिलिग्रॅम होतं. एका वेळी दोन, दिवसातून तीनदा, आणि फार तर पाच दिवस. त्यानंतर कंबर आणखी दोनदा धरली. सात महिन्यांत मिळून मी बत्तीस गोळ्या घेतल्या. आकडा आधीच सांगते, कारण ही महिनोन्‌महिने रोज घ्यायची गोळी नाही.

आराम पडतो का? मला पडला. पहिल्या रात्री कूस बदलता येत नव्हती, दुसऱ्या रात्री सलग पाच तास झोप लागली. दुखणं गेलं नव्हतं, पण पाठीच्या दोन्ही बाजूंचा तो दगडासारखा ताठरपणा उतरला होता. मला वाटायचं, औषध थेट कमरेत जाऊन स्नायू मोकळा करत असेल. तसं होत नाही. ऑर्फेनाड्रिन काम करतं ते मेंदूत, आखडलेल्या स्नायूला थेट सैल करत नाही. म्हणूनच गुंगी येते, आणि बरं वाटण्यातला काही भाग त्या गुंगीचाही असतो. हे कळल्यावर मी गोळीकडून चमत्काराची अपेक्षा सोडली. पहिले तीन दिवस ठरल्याप्रमाणे घेतली, चौथ्या आणि पाचव्या दिवशी फक्त रात्री, मग बंद.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती. गोळी एक असली तरी तिच्यात घड्याळं दोन असतात. पॅरासिटामॉल शरीरातून निम्मं कमी व्हायला दोन-तीन तास लागतात. ऑर्फेनाड्रिनला मात्र बारा-पंधरा तास, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे दुपारची गोळी घेतली की संध्याकाळपर्यंत दुखणं डोकं वर काढतं, पण गुंगीचं औषध अंगात तसंच असतं. दुखतंय म्हणून वेळेआधी आणखी एक घेतली, तर दुखण्यासाठी एक डोस आणि गुंगीसाठी मात्र डोसावर डोस. तिसऱ्या दिवशी सकाळी हे मला नीट समजलं. रात्रीची गोळी घेऊन नऊ तास झाले होते, झोप झाली होती, तरी डोळे जड आणि समोरची अक्षरं किंचित धूसर. त्या दिवशी गाडी मी घरीच ठेवली. गोळी चालू असेपर्यंत आणि संपल्यावरही एक पूर्ण दिवस मी गाडी चालवत नाही. ‘मला नाही झोप येत’ असं वाटणं हा पुरावा धरू नका. हात-पाय किती मंदावलेत हे आपल्याला आतून कळत नाही. दारू किंवा झोपेची गोळी यांच्याबरोबर तर हे औषध कधीच नको.

घशाला कोरड पडणं हा त्रास पाचही दिवस होता. घोटघोट पाणी पीत राहिले. पहिल्या दिवशी छातीत थोडी धडधड जाणवली, डॉक्टरांना फोन करून सांगितली, नंतर ती झाली नाही. बद्धकोष्ठ थोडं झालं.

चूक झाली ती दुसऱ्या खेपेला. कंबर धरलेली, त्यातच सर्दी आणि अंगात कणकण. घरात सर्दीच्या गोळ्या होत्या, त्या मी सकाळी दोन आणि दुपारी दोन घेतल्या. कमरेच्या गोळ्या चालूच होत्या. रात्री अंग इतकं सुस्त झालं की उठून बसले, दोन्ही पाकिटं उजेडात धरली आणि घटक वाचले. सर्दीच्या प्रत्येक गोळीत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम. कागदावर बेरीज केली. कमरेच्या सहा गोळ्यांचे २७००, सर्दीच्या चार गोळ्यांचे २०००, एकूण ४७०० मिलिग्रॅम. निरोगी मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० धरतात. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा दारूची सवय असेल तर डॉक्टर ती आणखी खाली आणतात. शिवाय सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामाइन होतं, म्हणजे ॲलर्जीचं, झोप आणणारं औषध. ऑर्फेनाड्रिनची रचनाही अशाच एका जुन्या ॲलर्जीच्या औषधाशी, डायफेनहायड्रामाइनशी, जवळची आहे. पॅरासिटामॉल आणि गुंगी, दोन्ही बाजूंनी भर पडली होती.

डॉक्टरांना लगेच फोन केला. वजन किती, कोणती गोळी किती वाजता, दारू घेतेस का, पोटात मळमळतंय का, सगळं विचारलं. सगळ्या गोळ्या थांबवायला सांगून सकाळी रक्त तपासलं, ते ठीक निघालं. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट प्रत्येकाला माहीत हवी. पॅरासिटामॉल जास्त झालं तरी पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसू शकतो, आणि यकृताचं नुकसान नंतर उघड होतं. त्यावर ॲसिटिलसिस्टिन नावाचा उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वात चांगला लागू पडतो. त्यामुळे ‘काही होत नाही ना, बघू उद्या’ हा विचार इथे घातक आहे. आणि पाकिटावर ॲसिटामिनोफेन लिहिलेलं असेल तर तेही पॅरासिटामॉलच. नाव वेगळं, औषध एकच.

तिसरी गोष्ट माझ्या सासऱ्यांची. त्यांची मान धरली होती आणि माझा आराम त्यांनी पाहिला होता. म्हणाले, “अगं, तुझ्यातली एकच दे, रात्रीपुरती.” मी म्हटलं, “बाबा, ही तुमच्यासाठी नाही.” त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण त्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे, लघवी अडखळते, आणि ऑर्फेनाड्रिननं ती पूर्ण तुंबू शकते. काचबिंदू असेल तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायूंचा आजार असेल तर ही गोळी चालतच नाही. वृद्धांना कोणती औषधं टाळावीत याची अमेरिकेतली प्रसिद्ध ‘बीअर्स’ यादी आहे, तिच्यात ६५ च्या पुढच्या लोकांसाठी ऑर्फेनाड्रिन आणि क्लोरझॉक्साझोनसारखी स्नायू सैल करणारी बरीच औषधं आहेत. कारण गुंगी, गोंधळ आणि पडणं. रात्री लघवीला उठलेला म्हातारा माणूस गुंगीत पडला की मानेचं दुखणं राहतं बाजूला आणि खुब्याचं हाड मोडतं. दुसऱ्या दिवशी बाबांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांना वेगळंच औषध आणि शेक मिळाला.

घरात लहान मूल असेल तर पाकीट कुलपात ठेवा. ऑर्फेनाड्रिन जास्त प्रमाणात पोटात गेलं तर झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात.

तुमच्या चिठ्ठीवर कदाचित दुसरं मिश्रण असेल. क्लोरझॉक्साझोन असेल तर लघवीचा रंग नारिंगी किंवा लालसर होऊ शकतो, तो बहुधा निरुपद्रवी असतो. पण डोळे पिवळे, भूक मेलेली, उजव्या बरगडीखाली दुखणं असं काही असेल तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण क्वचित हे औषध यकृताला गंभीर इजा करतं. थायोकोल्चिकोसाइड या स्नायू सैल करणाऱ्या आणखी एका औषधाबद्दल युरोपियन मेडिसिन्स एजन्सीनं २०१३ मध्ये तोंडावाटे सात दिवसांहून अधिक देऊ नये आणि गरोदरपणात मुळीच देऊ नये अशी शिफारस केली. जोडीला ॲसिक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक असेल तर अनशापोटी घेऊ नका, आणि अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास, रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या यांपैकी काहीही असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

माझ्या मते गोळीचा खरा उपयोग एवढाच की तिच्यामुळे मी हिंडूफिरू शकले. पहिल्या खेपेला दोन दिवस निजून राहिले आणि कंबर जास्तच आखडली. दुसऱ्यांदा तसं केलं नाही. घरातल्या घरात दर तासाला पाच मिनिटं चालले. नंतर फिजिओथेरपिस्टकडून पोटाचे आणि पाठीचे व्यायाम शिकले. तिसऱ्या खेपेला म्हणूनच दोन रात्री दोन-दोन गोळ्यांवर भागलं. पण कमरेबरोबर पायातली ताकद गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, तर गोळीची वाट पाहायची नाही, सरळ रुग्णालयात जायचं. ताप किंवा अपघातानंतरचं दुखणं असेल तरी आधी तपासणी.

चाळीसच्या पाकिटातल्या आठ गोळ्या अजून शिल्लक आहेत. पाकिटावर मी जाड पेनानं ‘पॅरासिटामॉल ४५०’ असं लिहून ठेवलंय, आणि रबरानं एक कागद गुंडाळलाय: तारीख, वेळ, किती गोळ्या, सोबत दुसरं काय घेतलं. तिसऱ्या खेपेच्या दोन ओळी त्यावर आहेत, शेवटच्या रकान्यात दोन्हीकडे ‘काही नाही’.