सेलिब्रेशनचं जेवण आणि नंतरचे महिने : ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचं एक इटालियन हॉटेल

घाईत असाल तर एवढंच वाचा. भट्टीतून येणारं काहीही मागवा. पास्ता घ्यायचा तर आल्यो ए ओल्यो (लसूण-तेलातला) किंवा साधा टोमॅटोचा. रिसोटो (इटालियन मऊ भात) फक्त दुपारी. लझानियाच्या (थर लावून भाजलेला पास्ता) वाटेला जाऊ नका. तिरामिसू (कॉफीचं गोड) दोघांत एक पुरे. आणि शनिवारी रात्री तिकडे फिरकूही नका.

आता सविस्तर. या हॉटेलबद्दल ऑनलाइन जे काही लिहिलंय ते बहुतेक करून वाढदिवसाला किंवा लग्नाच्या वाढदिवसाला एकदाच जाऊन आलेल्यांचं आहे. त्या दिवशी माणूस मुळात खूश असतो, समोर मेणबत्ती असते, त्यामुळे पाच तारे ठरलेलेच. हॉटेल कसं आहे ते कळतं कुठल्याशा मंगळवारी, घरी भाजी नाही म्हणून गेल्यावर. आम्ही दोन्ही प्रकारे गेलो आहोत, म्हणून हे लिहितेय. नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत. मानपाडा ते कासारवडवली या पट्ट्यात, एका टॉवरखालच्या गाळ्यात आहे. आत शिरल्याबरोबर डावीकडे भट्टी दिसते. एवढं पुरे.

पहिल्यांदा गेलो ते घराचं कर्ज फिटलं म्हणून. बँकेतून मूळ कागदपत्रं हातात आली त्याच दुपारी. (कोणाचं कर्ज फिटत आलं असेल तर माहीत असू द्या: १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत बँकेने मूळ कागद परत करायचे असतात, आणि उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.) नवऱ्याचं म्हणणं होतं मामलेदारला मिसळ खाऊ, साजरं झालं. मी म्हटलं, इतकी वर्षं हप्ते भरले, आज कापडी नॅपकिन असलेल्या ठिकाणी बसायचं. वाढणारा मुलगा मुरबाडकडचा. त्याने विचारलं, "काकू, अ‍ॅनिव्हर्सरी का?" नवरा म्हणाला, "नाही रे, कर्ज फिटलं." शेवटी तिरामिसूच्या ताटलीवर चॉकलेट सॉसने ‘नो ईएमआय’ लिहून आलं. आता सांगा, अशा जेवणाला कोण नावं ठेवणार? बुराटा (आत मलई भरलेलं चीज), मार्गेरिता पिझ्झा, मशरूमचा रिसोटो, तिरामिसू, सगळंच उत्तम लागलं. बिल तीन हजारांच्या जरा आत.

त्यातलं खरोखर उत्तम काय होतं, ते नंतरच्या महिन्यांत कळत गेलं.

पिझ्झा. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ऑनलाइन सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच आहेत आणि त्यातल्या निम्म्या मला पटत नाहीत. "मधे ओला, कडेला जळका", "चीज कमी", "टॉपिंग कंजूषपणे". बाबांनो, इटलीतल्या नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा असाच असतो. सुमारे ४८५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत तो ६० ते ९० सेकंदच राहतो. तेवढ्यात कड फुगते, तिच्यावर काळे ठिपके उठतात आणि मधला भाग मऊ, ओलसरच राहतो. चिमटीत धरून तुकडा उचलला की टोक खाली लवणार. हवं तर सुरी-काटा घ्या, किंवा तुकडा दुमडून खा, तिथले लोकही दुमडतात. पिठात मैदा, पाणी, मीठ, यीस्ट एवढंच. तेल, साखर नाही. युरोपीय संघाने २०१० मध्ये या पिझ्झाला पारंपरिक पदार्थ म्हणून नोंदलं तेव्हा व्यास ३५ सेंटिमीटरच्या वर नको इथपर्यंत लिहून ठेवलं. २०१७ मध्ये युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला आपल्या यादीत घेतली. म्हणजे ‘कच्चा’ म्हणून परत पाठवण्याआधी जरा दमानं.

इथली भट्टी गॅसची आहे, लाकडाची नाही. काहींना ते खटकतं. मला नाही. दीड मिनिटात लाकडाचा वास कितीसा लागणार? खरा फरक पिठाच्या आंबण्यात पडतो. भट्टीवरच्या दादांना एकदा विचारलं तर म्हणाले, गोळे आदल्या दिवशीच करून ठेवतो, दुसऱ्या दिवशी वापरतो. खाल्ल्यावर पोट जड होत नाही ते त्यामुळे असावं. इतके महिने झाले, पण पिझ्झाने कधी निराश केलं नाही. पावसाळ्यात मधे काही दिवस कड नेहमीपेक्षा चिवट लागत होती. दमट हवेत पीठ बिघडतं हे घरी पाव करणाऱ्या कोणालाही ठाऊक असेल. मग सुधारलं.

मागवायचं काय? मार्गेरिता. टोमॅटो, मोझरेला, बेझिल, तेल. (फालुद्यातला सब्जा म्हणजे याच बेझिलच्या जातीच्या झाडाचं बी, हे ऐकून नवऱ्याला उगाच अभिमान वाटला होता.) सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत. त्यांना बाहेर कुठे न्यायचं हा दर वर्षीचा प्रश्न. भट्टीवर चौकशी केली, तर सॉस म्हणजे कुस्करलेला टोमॅटो आणि मीठ, लसूण नाही. मूळ मार्गेरितात लसूण नसतोच, तो मारिनारा नावाच्या बिनचीजच्या पिझ्झात असतो. सासूबाईंनी अर्ध्याच्या वर खाल्ला, वर "भाकरी बरी आहे" असं प्रमाणपत्रही दिलं. पनीर टिक्का पिझ्झाही यादीत आहे. तो मी मागवलेला नाही, मागवणारही नाही, पण शेजारच्या टेबलांवर सर्रास जाताना दिसतो आणि लोक आनंदात असतात. बरं आहे.

पार्सल मात्र घेऊ नका. हा पिझ्झा खोक्यात दहा मिनिटं राहिला तरी वाफेने कड मलूल होते. घोडबंदर रोडवरच्या गर्दीत तो घरी येईपर्यंत काय होत असेल ते सांगायला नको.

पास्त्याची गोष्ट वेगळी. आमच्या त्या साजऱ्या दुपारी आम्ही पास्ता घेतलाच नव्हता, आणि ते बरं झालं. पुढच्या खेपांना कधी छान, कधी पार शिजून गेलेला. कारण कळायला वेळ लागला. वाढणारा मुलगाच एकदा म्हणाला, "काकू, थोडा कडक ठेवू की नीट शिजवून देऊ?" म्हणजे आतला माणूस गिऱ्हाईक बघून शिजवतो! पास्ता दाताला किंचित लागला की लोक ‘कच्चा’ म्हणून परत पाठवतात, मग स्वयंपाकघर घाबरून सगळ्यांचाच मऊ करतं. तेव्हा सांगताना स्पष्ट सांगा, "दाताला लागला पाहिजे." सांगितलं की नीट येतो. सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो, आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातीतला, आणि तो रवा नीट उकळला तर आकार सोडत नाही. सोडला असेल तर दोष शिजवणाऱ्याचा.

आल्यो ए ओल्यो इथे खरंच चांगलं. लसूण, ऑलिव्ह तेल, लाल मिरची, पास्त्याचं थोडं पाणी. लसूण करपवत नाहीत, हे महत्त्वाचं. कार्बोनारा मात्र विसरा. मूळ पदार्थात अंडं, पेकोरिनो चीज, मिरी आणि डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस असतं. क्रीमचा थेंब नाही. इथे क्रीममध्ये बेकन पोहत होतं. नवऱ्याने संपवलं, तो काहीही संपवतो. पिंक सॉसला मी नावं ठेवत नाही. आपल्या लोकांना तो आवडतो, हॉटेलचं भाडं बहुधा त्यावरच निघतं.

रिसोटो हीच खरी परीक्षा, आणि इथे हॉटेल अर्ध्या वेळा नापास. आर्बोरियो किंवा कार्नारोली तांदूळ, थोडा थोडा गरम स्टॉक घालत, हलवत, पंधरा-वीस मिनिटं. तांदळातला स्टार्च सुटून तो आपल्या गुरगुट्या भातासारखा सैल, मिळून आलेला हवा. ताटली तिरकी केली की पसरला पाहिजे. आठवड्याच्या मधल्या दुपारी, गर्दी नसताना, अगदी असाच येतो. शनिवारी रात्री गेलो तर आला तो गोळा, चमचा उभा राहील असा. उघड आहे, गर्दीच्या वेळी अर्धा शिजवून ठेवतात आणि मागणी आली की क्रीम घालून ढवळतात. एकदा मी परत पाठवला. मॅनेजरने वाद घातला नाही, बिलातूनही काढला. पण दुसरा करून द्यायची तयारी दाखवली नाही.

लझानिया कडेला वाळलेला, मधे गार. दोन वेगवेगळ्या वेळी तसाच. विषय संपला.

बुराटा चांगला, पण फ्रिजमधून थेट टेबलावर आणतात. बाहेरचं मोझरेलाचं आवरण आणि आतले मलईत भिजलेले धागे, हे सगळं थंडगार असताना चव लागतच नाही. बसल्या बसल्या मागवा आणि थोडा वेळ तसाच राहू द्या.

शाकाहारी मंडळींसाठी: खऱ्या पार्मिजानो रेजानोमध्ये वासराचं रेनेट (दूध फाडण्यासाठी त्याच्या पोटातून काढलेलं द्रव्य) वापरतात, तो त्या चीजच्या नियमाचाच भाग आहे. मी विचारलं तर कळलं की इथे शाकाहारी पदार्थांवर हिरव्या ठिपक्याचं देशी चीज किसतात. चवीला तेवढं खोल नाही, पण विचारल्यावर खरं सांगितलं, हे मला आवडलं. मेनूवर मात्र ‘पार्मेजान’च छापलंय, तेवढं बदलायला हवं.

तिरामिसूत अंडं नसतं, हे इथे लिहून लावलंय. मास्कारपोने (मऊ, मलईदार चीज), कॉफी, कोको; खाली सावोयार्दी बिस्किटांऐवजी स्पंज केक. स्पंज लवकर गळतो, म्हणून संध्याकाळपर्यंत तळाला कॉफीचं तळं होतं. मधे काही आठवडे कॉफी इतकी पांचट झाली की कॅरमल पुडिंग खातोय असं वाटलं. चौकशी केली तर लहान मुलं कडू म्हणून खात नाहीत म्हणे. आता परत कडक झाली आहे. दुपारी घ्या.

बिलाबद्दल. मार्गेरिता साडेपाचशेच्या आसपास, पास्ता त्याहून थोडा वर, त्यावर ५ टक्के जीएसटी. पण खाली १० टक्के सर्व्हिस चार्जही आपोआप लागून येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तो असा परस्पर लावायला मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मार्गदर्शक तत्त्वं उचलून धरली. सांगितलं की इथे हूं की चूं न करता काढतात. म्हणजे त्यांनाही नियम माहीत आहे, तरी दर वेळी छापतात. आम्ही तो काढायला लावतो आणि वाढणाऱ्या मुलाला वेगळे पैसे देतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे, अजून तिची वेळ आली नाही. पाणी विचारतानाही बाटली आधी पुढे करतात, ‘साधं द्या’ म्हटलं की फिल्टरचं मिळतं.

मधे मेनू बदलला. मेक्सिकन आणि थाई पानं गेली, ही चांगली खूण. यादी लहान झाली तसा रिसोटो सुधारल्यासारखा वाटतोय, पण एवढ्यात खात्री देत नाही. लझानिया अजून आहेच.

जायचं कसं? गाडी नको. मेट्रो ४ च्या खांबांमधून यू-टर्न शोधण्यात भूक मरते आणि टॉवरचा वॉचमन आत लावू देत नाही. ठाणे स्टेशनहून टीएमटीची बस किंवा रिक्षा बरी. टेबल सांगताना भट्टीसमोरचं मागा, एसीखालचं नको, पिझ्झा पटकन गार होतो. आणि बाराच्या ठोक्याला जाऊ नका. दार उघडं असतं, पण भट्टी साडेबाराच्या आधी नीट तापत नाही, मग तेवढा वेळ तुम्हाला मिनेस्त्रोने सूप विकतात, आणि ते पाणचट असतं.