फुकटच्या चॅनेलची किंमत : ‘द केबल गाय’

१९९६ च्या जूनमध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘द केबल गाय’ हा चित्रपट विनोदी म्हणून विकला गेला आणि खदखदून हसायच्या तयारीने आलेल्या प्रेक्षकांची त्याने पुरती पंचाईत करून टाकली. १९९४ या एकाच वर्षात ‘एस व्हेंच्युरा’, ‘द मास्क’ आणि ‘डम्ब अँड डम्बर’ हे तीन चित्रपट गाजवलेल्या जिम कॅरीला यातल्या केबलवाल्याच्या भूमिकेसाठी दोन कोटी डॉलर मिळाले होते आणि त्या आकड्याचाच गवगवा चित्रपटापेक्षा अधिक झाला. दिग्दर्शक बेन स्टिलरने मात्र कॅरीचा तोच चेहरा, तेच हातवारे आणि तोच आरडाओरडा घेऊन त्यांतून अंगावर काटा आणणारा माणूस उभा केला. चित्रपटाने जगभरात सुमारे दहा कोटी डॉलर कमावले, म्हणजे तो आपटला असे म्हणता येत नाही. तरीही कॅरीकडून असलेल्या अपेक्षांच्या मानाने तो फसला, असाच बोलबाला झाला.

कथा थोडक्यात अशी. प्रेयसी रॉबिनने लग्नाच्या मागणीला होकार न दिल्यामुळे स्टीव्हन कोव्हॅक्स नव्या घरात एकटा राहायला येतो आणि केबल जोडायला आलेल्या माणसापुढे, एका मित्राच्या सल्ल्यावरून, पन्नास डॉलर धरून जादा पैशांची चित्रपट चॅनेल फुकट मिळतील का, असे विचारतो. चिप डग्लस असे नाव सांगणारा हा केबलवाला चॅनेल देतो खरा. पण त्याला पैशापेक्षा सोबत हवी असते, आणि एकदा ती मागितल्यावर तो थांबायचे नावच घेत नाही. या अघोरी मैत्रीचा पहिला धागा स्टीव्हनने स्वतःच्या हाताने, फुकटच्या लोभाने बांधलेला आहे, आणि माझ्या मते हीच या पटकथेची खरी ताकद आहे. स्टीव्हन निव्वळ बळी असता तर हा एक साधा भयपट झाला असता.

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी पट्ट्यातल्या वाचकाला हे नाते फोड करून सांगावे लागणार नाही. ज्या काळात गच्चीवरून गच्चीवर तारा ओढून गल्लीगल्लीत केबल पोचत होती, त्या काळात केबलवाल्याशी गोडीगुलाबीने राहणे ही घराघराची गरज होती. पडद्यावर मुंग्या आल्या तर तो संध्याकाळीच येणार की चार दिवसांनी, आणि १९९९ साली अल्फा मराठी सुरू झाल्यावर ते चॅनेल आपल्या टीव्हीवर स्वच्छ दिसणार की नुसतेच खरखरणार, हे बव्हंशी त्याच्या मर्जीवर असे. ‘अण्णा, तेवढं मराठी चॅनेल नीट लावून द्या की,’ असे म्हणून बायका त्याच्या हातात चहाचा कप देत, आणि काम मनासारखे झाले तर सणावारी कुंद्याचा, म्हणजे बेळगावी मिठाईचा, लहानसा डबाही जाई. त्या डब्याबरोबर उपकाराची फेड होऊन जाई आणि दोन्ही पक्ष मोकळे होत. ‘द केबल गाय’ पाहताना आपल्याला अस्वस्थ वाटते, कारण चिपला असा कोणताच डबा चालत नाही. तो स्टीव्हनच्या घरात न सांगता भलामोठा टीव्ही आणि ध्वनियंत्रणा आणून बसवतो, रॉबिनकडे जाऊन स्टीव्हनची भेट म्हणून फुकट केबल जोडून देतो, आणि प्रत्येक उपकाराबरोबर स्टीव्हनच्या आयुष्यात आणखी एक पाऊल आत टाकतो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. हा स्टीव्हन त्या भिडेपायी आधी मनःशांती, मग काही काळ तुरुंगाबाहेरचे स्वातंत्र्य आणि शेवटी नोकरीही घालवून बसतो.

सर्वांत जमलेला प्रसंग मध्ययुगीन थाटाच्या भोजनगृहातला आहे. मध्ययुगात काटे-चमचे नव्हते म्हणून इथेही मिळणार नाहीत, असे तोऱ्यात सांगणारी वाढपीण त्याच दमात पेप्सी आणखी हवी का, असे विचारते. जनीन गारोफालोने हा एवढासा तुकडा विलक्षण कंटाळलेल्या चेहऱ्याने केला आहे. पुढच्याच क्षणी चिप आणि स्टीव्हन चिलखते चढवून रिंगणात उतरतात. प्रेक्षक टाळ्या पिटत असतात, चिप जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या द्वंद्वाचे संगीत तोंडाने वाजवत असतो, आणि त्याच्या हातातले शस्त्र मात्र खरोखरच जिवावर बेतेल अशा जोराने येत असते. हसावे की उठून जावे, हे स्टीव्हनला कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. विनोद आणि भीती यांना एकाच चौकटीत बसवण्याची ही किमया सगळ्या चित्रपटात टिकली असती तर फार बरे झाले असते.

ती टिकत नाही. आईने लहानपणी टीव्हीसमोर बसवून ठेवले म्हणून चिप असा झाला, हे कारण पटकथेने फार सोपे करून टाकले आहे, आणि अखेरच्या भागात ते पात्रांच्या तोंडून ऐकावे लागते, ही तर शिक्षाच आहे. रॉबिनच्या भूमिकेत लेस्ली मॅनला करण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. स्टीव्हन झालेल्या मॅथ्यू ब्रॉडरिकवर मात्र फिकेपणाचा जो आरोप होतो तो मला मान्य नाही. नाही म्हणता न येणारा माणूस जसा ओशाळे हसतो, तसा तो सतत हसत राहतो, आणि ते ओशाळेपण नसते तर कॅरीचा थयथयाट पोकळ वाटला असता. कॅरीचे मुद्दाम बोबडे बोलणे सुरुवातीला डोक्यात जाते, पण अर्ध्या तासाने त्या बोबडेपणातले लहान मूल दिसू लागते आणि मग तक्रार उरत नाही. बातम्यांत सतत चालणारा जुळ्या भावांचा खटला, ज्यात दोन्ही भाऊ स्टिलरनेच केले आहेत, हा उपहास आजच्या वृत्तवाहिन्या पाहणाऱ्याला जुना वाटणार नाही.

एका दृश्यात चिप प्रचंड मोठ्या तबकडीसारख्या अँटेनापाशी सांगतो की लवकरच टीव्ही, फोन आणि संगणक एक होतील आणि माणूस घरबसल्या खरेदी करेल. १९९६ साली ही वेड्याची बडबड वाटली असेल. आज ती ऐकताना त्यातले काहीच विचित्र वाटत नाही, एवढेच विचित्र वाटते.

चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे. त्यातले काही प्रसंग लहान मुलांसमोर लावण्याजोगे नाहीत, आणि कॅरीच्या बोबड्या इंग्रजीमुळे उपशीर्षके चालू ठेवलेली बरी. जुन्या अमेरिकन मालिकांवरचे निम्मे विनोद आपल्याकडच्या प्रेक्षकाच्या डोक्यावरून जातील, त्यांची फिकीर करू नये. ज्यांना कॅरीचा ‘द मास्क’ आवडला त्यांनी तशी अपेक्षा घेऊन बसू नये. ज्यांना तो फार माकडचेष्टा करतो असे वाटते, त्यांनी मात्र हा एक चित्रपट जरूर पाहावा.