रेग्युलर, आयटीईपी की मुक्त विद्यापीठ? बी.एड.ला निघालेल्यांसाठी

"सर, रेग्युलर करू की नॉन-अटेंडिंग?" बी.एड.च्या सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की दरवर्षी कुणी ना कुणी हा प्रश्न घेऊन प्रशालेच्या फाटकाशी उभं असतं. मी परभणी जिल्ह्यात जि.प. प्रशालेवर नववी-दहावीला गणित शिकवतो. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: तू आत्ता कुठे उभा आहेस? बारावी झालीय, पदवी हातात आहे, की डी.एड.वर, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेवर, नोकरी चालू आहे? रस्ता त्यावर ठरतो, कॉलेजच्या जाहिरातीवर नाही.

पदवी झालेल्यांसाठी रेग्युलर बी.एड. हाच सरळ रस्ता. राज्याची सीईटी द्यायची, पदवीला खुल्या गटात ५० टक्के, राखीव गटात ४५ टक्के लागतात. २०१५ पासून कोर्स दोन वर्षांचा झाला, तेव्हापासून पालकांची कुरकुर ऐकतोय की पूर्वी वर्षात व्हायचं ते आता दोन वर्षांत. पण वाढलेल्या वेळातला मोठा भाग आंतरवासितेचा आहे. किमान वीस आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले सोळा दुसऱ्या वर्षी. तासांना ८० टक्के आणि आंतरवासितेला ९० टक्के हजेरी लागते. नियमात 'नॉन-अटेंडिंग', म्हणजे तासांना न जाता बी.एड., नावाचा प्रकारच नाही. जो आहे तो हजेरीपटावरचा व्यवहार, आणि त्याचे पैसे तुम्ही वरून मोजता.

माझा पहिला पाठ आठवीवर होता, त्रिकोणाचे गुणधर्म. पस्तीस मिनिटांचं टाचण, म्हणजे पाठाचा आराखडा, काढलं होतं, ते अठराव्या मिनिटाला संपलं. उरलेला वेळ मी फळा पुसत राहिलो. मागच्या बाकावर बसलेल्या मॅडमनी टाचणवहीत लाल शाईने एवढंच लिहिलं, 'प्रश्न विचारला की उत्तराची वाट पाहा.' हे कागदावर वाचून येत नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या छात्राध्यापकांपैकी एकजण फळ्याकडे तोंड करून सगळा तास बोलला. दुसऱ्या वर्षाला होता, आणि हा त्याचा आयुष्यातला तिसरा पाठ. पोरगा हुशार होता, त्याला कुणी उभंच केलं नव्हतं.

बारावी नुकतीच झाली असेल आणि शिक्षकच व्हायचं पक्कं असेल, तर चार वर्षांचा एकात्मिक कोर्स, म्हणजे आयटीईपी, जरूर पाहा. पदवी आणि बी.एड. एकत्र. तीन अधिक दोन अशी पाच वर्षं जातात, तिथे एक वर्ष वाचतं. प्रवेश एनटीए या राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या एनसीईटी परीक्षेतून, ती मराठीतूनही देता येते. हा कोर्स २०२३-२४ पासून निवडक संस्थांत सुरू झाला, त्यामुळे जागा कमी आणि बहुधा घर सोडावं लागतं. भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था आपल्या राज्यासाठीही आहे, पण आमच्या भागातली किती पोरं तिचा फॉर्म भरतात? नावच माहीत नसतं. अडचण एकच, अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय विसाव्या वर्षी नकोसा झाला तर मधे उतरणं जड जातं. मन द्विधा असेल त्याने आधी साधी बी.एस्सी. करावी.

तिसरा रस्ता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा किंवा इग्नूचा. 'घरबसल्या बी.एड.' म्हणून एजंट तो कुणालाही विकतात. खरं तर तो प्रामुख्याने सेवेत असलेल्या, डी.एड. झालेल्या शिक्षकांसाठी आहे. वस्तीशाळेवर चौथीला शिकवणाऱ्याला हायस्कूलकडे सरकायचं असेल तर याच्यासारखा स्वस्त आणि सोयीचा मार्ग नाही, कारण वर्गात उभं राहणं त्याला आधीच येतं. नुसती पदवी घेऊन गेलात तर दार बंद.

उलट बाजूही सांगतो. बी.एड.वर पहिली ते पाचवी मिळत नाही, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये ते स्पष्ट केलं. लहान मुलांत रमणाऱ्याने डी.एल.एड.च, म्हणजे पूर्वीचं डी.एड., करावं.

आता पैशाचं. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते, ती आधी बघा आणि पावती तेवढ्याचीच मागा.

प्रमाणपत्र कोणत्याही रस्त्याने आलं तरी पुढचं फाटक सगळ्यांना एकच. इथे टीईटी आणि टेट यांची गल्लत होते. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी, सहावी ते आठवीला पेपर दोन. टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी, दोनशे गुणांची, तिच्या गुणांवर 'पवित्र' या सरकारी पोर्टलवरून शिक्षकभरती होते. नववी-दहावीला टीईटी लागत नाही, पण आपल्याकडच्या बऱ्याच शाळा पाचवी किंवा आठवीपासून असतात, म्हणून दोन्ही देऊन ठेवा. टेट दरवर्षी होत नाही हेही लक्षात असू द्या: २०१७, मग थेट २०२३, मग २०२५. बी.एड. संपलं आणि परीक्षाच नाही, अशी सहा वर्षं तासिकांवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, काढलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, माध्यमिकला महिना १८,००० मानधन. २०२३ पूर्वी ते ८,००० होतं.

मराठवाड्याचा एक फायदा मात्र आहे. निजामाच्या काळातली सरकारी हायस्कुलं पुढे जिल्हा परिषदांकडे आली, म्हणून इथे जि.प. प्रशाला आहेत, बाकी महाराष्ट्रात हायस्कूल म्हटलं की बहुतेक खासगी संस्थेचंच. जि.प.च्या जागेला संस्थाचालकापुढे मुलाखत नसते. पवित्रवर 'मुलाखतीशिवाय' हा पर्याय आमच्या पोरांनी आधी भरावा.

रेग्युलर ठरलं असेल तर प्रवेश घेण्याआधी एका मंगळवारी, सकाळी अकराला, न सांगता कॉलेजात जा. दुसऱ्या वर्षाच्या कुणाला तरी त्याची टाचणवही मागा. लाल शाई दिसते का बघा.